विकसनशील देशांतल्या कंपन्या श्रीमंत देशांत जाऊन नेमकं काय विकत घेतात?

२००७ च्या जानेवारीच्या शेवटी लंडनमध्ये कोरस या स्टील कंपनीचा लिलाव झाला. कोरस म्हणजे ब्रिटिश स्टील आणि नेदरलँड्सची होगोव्हन्स या दोन जुन्या कंपन्या १९९९ मध्ये एकत्र येऊन झालेली कंपनी. रात्री उशिरापर्यंत नऊ फेऱ्या चालल्या, समोरचा ६०३ पेन्सवर थांबला, टाटा स्टीलने शेअरमागे ६०८ पेन्स म्हटलं आणि कंपनी टाटांकडे आली. तेव्हा सगळ्यांनी टाटांबद्दलच लिहिलं, पण मला त्यातली दुसरी गोष्ट तितकीच मोठी वाटते. हरलेली कंपनी, सीएसएन, ही ब्राझीलची होती. म्हणजे ब्रिटनचा इतका जुना स्टील उद्योग विकायला निघाला आणि शेवटपर्यंत टिकलेली दोन्ही गिऱ्हाइकं विकसनशील देशांतली.

आता कुणालाही पडेल असा प्रश्न आहे. ज्या देशांत रस्ते, वीज, कारखाने या सगळ्यालाच भांडवल कमी पडतं, तिथला पैसा जिथे आधीच भरपूर भांडवल आहे तिथे का जातो? घरचं सोडून बाहेर पैसा लावणं हा वेडेपणा आहे का, का यामागे काही हिशेब आहे? हिशेब आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे, फक्त त्याआधी एक-दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ म्हणजे गोंधळ होणार नाही.

परदेशात गेलेला प्रत्येक पैसा थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय नसतो. चीनने अमेरिकन सरकारचे बाँड घेतले तर ते उधार दिल्यासारखं झालं, तिथल्या कुठल्याही कंपनीत त्यामुळे चीनचं काही चालत नाही. एखाद्या फंडाने ॲपलचे थोडे शेअर घेतले तरी तेच, उद्या भाव चढला की विकून मोकळे. एफडीआयमध्ये मालकी आणि कारभारात शब्द हवा. जगभर यासाठी एक रेघ ठरलेली आहे, मतदानाचा हक्क असलेल्या शेअरपैकी निदान १० टक्के हातात असले तर ती थेट गुंतवणूक धरायची. मग ते नवा कारखाना उभा करून असो, चालू कंपनी विकत घेऊन असो, किंवा तिथे कमावलेला नफा तिथेच परत लावून असो. हा शेवटचा प्रकार लोक विसरतात, त्यात सीमेपलीकडे एक पैसाही जात नाही तरी आकड्यात मात्र तो गुंतवणूक म्हणून येतो.

दुसरी गोष्ट पुस्तकी आहे पण मजेदार आहे. १९९० मध्ये रॉबर्ट लुकास या अर्थतज्ज्ञाने एक छोटासा पेपर लिहिला, नंतर १९९५ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. त्यांनी अमेरिका आणि भारत घेतले. तेव्हा एका अमेरिकन कामगारामागचं उत्पादन भारतातल्या कामगाराच्या साधारण १५ पट होतं. नेहमीच्या थिअरीप्रमाणे हा सगळा फरक फक्त मशीन आणि भांडवल कमी असल्यामुळे आहे असं मानलं, तर भारतात लावलेल्या नव्या डॉलरवर अमेरिकेच्या ५८ पट परतावा मिळायला हवा. ५८ पट! असं खरंच असतं तर अमेरिकेत कुणी एक रुपयाही ठेवला नसता, सगळं भांडवल धावत भारतात आलं असतं. ते आलं नाही, म्हणजे मानलेलं चुकीचं आहे. नुसतं भांडवल असून भागत नाही, त्याच्याभोवती शिकलेली माणसं लागतात, वेळेत निकाल देणारी कोर्टं लागतात, बंदरं, सप्लायर, पेटंट, विश्वास, असं बरंच काही लागतं, आणि हे सगळं श्रीमंत देशांत जास्त आहे म्हणून पैसा तिथे टिकून राहतो.

आणि इथेच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे असं मला वाटतं. विकसनशील देशातली कंपनी श्रीमंत देशात जाते तेव्हा ती सहसा जास्त व्याजदर शोधत नसते. हे जे भांडवलाभोवतीचं बाकीचं सगळं आहे, जे घरी उभं करायला तीस-चाळीस वर्षं लागतील, ते विकत घ्यायला ती गेलेली असते.

मेक्सिकोची सिमेंट कंपनी सेमेक्स बघा, माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात चांगलं उदाहरण. १९९० मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या सिमेंटवर अँटी-डंपिंग ड्युटी लावली, म्हणजे बाहेरून स्वस्त माल पाठवून मार्केट बिघडवता म्हणून जादा कर. सिमेंट मुळात जड आणि स्वस्त वस्तू, लांब नेणं परवडत नाही, त्यात ही ड्युटी. मग निर्यात करण्यापेक्षा कुंपणाच्या आत जाऊन बसणं शहाणपणाचं, आणि पुढे २००० मध्ये सेमेक्सने अमेरिकेतली साउथडाउन ही मोठी सिमेंट कंपनी घेतली. पण त्याआधी १९९२ मध्ये त्यांनी एक वेगळीच चाल खेळली होती, स्पेनमधल्या दोन सिमेंट कंपन्या घेतल्या. स्पेनच का? मेक्सिकन कंपनीला कर्ज हवं असेल तर बँका मेक्सिकोची सगळी रिस्क त्या व्याजात धरायच्या, पेसो घसरेल, सरकार कोसळेल, काहीही होईल म्हणून व्याज जास्त, कंपनी कितीही नीट चालवलेली असली तरी. तीच कंपनी स्पेनमधल्या उपकंपनीच्या नावावर कर्ज घ्यायला गेली की व्याज एकदम कमी! म्हणजे सेमेक्सने स्पेनमध्ये सिमेंट प्लँट तर घेतलेच पण त्याबरोबर स्पेनची पत घेतली. १९९४ च्या डिसेंबरमध्ये पेसो खरोखर कोसळला तेव्हा स्पेनमधून येणारी कमाई दुसऱ्या चलनात होती, त्यावर पेसोचा परिणाम नव्हता. गरीब देशातल्या कंपनीला आपल्या देशाच्या नावाचा दंड भरावा लागतो आणि बाहेर गुंतवणूक करणं हा तो दंड कमी करायचा एक रस्ता आहे, हे एवढ्या स्वच्छपणे दुसरीकडे फारसं दिसत नाही.

करामुळे आत जाऊन बसणं आजही चालूच आहे. युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर जादा कर लावला, बीवायडीच्या वाट्याला १७ टक्के आले, आणि हंगेरीतल्या सेगेद शहरात कारखाना काढायचं बीवायडीने २०२३ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केलं होतं. काही वेळा कारण इतकंही मोठं नसतं, मालच तसा असतो. फुयाओ ही चीनची गाडीच्या काचा बनवणारी कंपनी, तिने ओहायो राज्यात मोरेन इथे जनरल मोटर्सचा २००८ मध्ये बंद पडलेला कारखाना घेऊन तिथे काच बनवायला सुरुवात केली. विंडशील्ड समुद्र ओलांडून पाठवायची म्हणजे फुटण्याची भीती, जागा खूप जाते, आणि गाडी कंपन्यांना माल वेळेवर जवळून हवा असतो. तिथे मजुरी चीनपेक्षा कितीतरी जास्त आहे तरी हिशेब बसतो.

मग ब्रँड आणि टेक्नॉलॉजी. लेनोवोने आयबीएमचा पीसीचा धंदा घ्यायचं २००४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं, किंमत कर्जासकट साधारण १.७५ अब्ज डॉलर. घेतलेला धंदा लेनोवोच्या स्वतःच्या धंद्यापेक्षा जवळपास तिप्पट मोठा होता. चीनबाहेर लेनोवो हे नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, थिंकपॅड मात्र जगातल्या प्रत्येक मोठ्या ऑफिसात होता. पाच वर्षं आयबीएमचं नाव वापरायची परवानगीही सौद्यात होती, म्हणजे गिऱ्हाइकाला सवय होईपर्यंत जुनी पाटी राहू द्यायची. २०१३ मध्ये लेनोवो जगातली सगळ्यात जास्त पीसी विकणारी कंपनी झाली.

गीली या चिनी गाडी कंपनीने स्वीडनची व्होल्वो घेतली ती गोष्ट आणखी जवळून बघण्यासारखी आहे. फोर्डने १९९९ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांचा धंदा साधारण ६.५ अब्ज डॉलरला घेतला होता आणि २०१० मध्ये गीलीशी सौदा ठरला तो १.८ अब्जांना. विकणाऱ्याची गरज इथे फार महत्त्वाची, २००८ च्या मंदीनंतर फोर्डला रोख पैसा हवा होता, जग्वार आणि लँड रोव्हरही फोर्डनेच २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरला टाटा मोटर्सला विकल्या. पण स्वस्तात मिळालं एवढ्यावर काही होत नाही. गीलीने व्होल्वोचं मुख्यालय स्वीडनमध्ये गोथेनबर्गलाच ठेवलं, इंजिनिअरांना त्यांचं काम करू दिलं, नव्या मॉडेलसाठी पैसा लावला आणि २०१३ मध्ये त्याच शहरात एक वेगळं डेव्हलपमेंट सेंटर काढलं जिथे दोन्ही कंपन्यांसाठी एकच प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सगळा सांगाडा आणि त्याची रचना, तयार झाली. त्याच प्लॅटफॉर्मवर व्होल्वोची छोटी एसयूव्ही निघाली आणि गीलीच्या लिंक अँड को ब्रँडच्या गाड्याही. माझ्या मते घेतलेल्या कंपनीतलं ज्ञान खरोखर घरापर्यंत पोचतं ते असं, दोन्हीकडच्या लोकांनी मिळून नवीन काहीतरी बनवलं की. नुसते जुने ड्रॉइंग मागवून ते होत नाही.

आता उलटी बाजू, कारण असे सौदे फसतातही आणि फसतात तेव्हा जबर फसतात.

सुझलॉनने २००७ मध्ये जर्मनीची रीपॉवर ही पवनचक्क्यांची कंपनी घ्यायचं ठरवलं. रीपॉवरकडे समुद्रात उभ्या करायच्या पाच मेगावॉटच्या मोठ्या टर्बाईनची टेक्नॉलॉजी होती, जी त्या काळात जगात मोजक्याच कंपन्यांकडे होती. फ्रान्सची अरेवाही मागे लागलेली, दोघांनी भाव चढवत नेला आणि शेवटी शेअरमागे १५० युरोवर सुझलॉनने बाजी मारली. सगळ्यांना वाटलं टेक्नॉलॉजी आली. पण आली नाही! जर्मन कायद्याप्रमाणे शेअर कंपनीच्या मॅनेजमेंटने त्या कंपनीचं हित बघायचं असतं, मोठा मालक सांगतो म्हणून डिझाईन त्याला फुकट किंवा स्वस्तात देता येत नाही, कारण छोट्या शेअरधारकांचं त्यात नुकसान आहे. मालकाला हुकूम देता यावा यासाठी तिथे वेगळा करार करावा लागतो आणि त्यासाठी उरलेल्या शेअरधारकांना नीट मोबदला द्यावा लागतो. म्हणजे सुझलॉनकडे बहुतेक शेअर होते, कर्ज होतं, व्याज चालू होतं, पण जे घ्यायला गेले ते कपाटातच. उरलेले शेअर घेऊन पूर्ण मालकी यायला २०११ उजाडलं, तोपर्यंत मंदी येऊन गेली होती, टर्बाईनची मागणी बसली होती आणि कर्जाचा डोंगर झाला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुझलॉनला विदेशी बाँडचे पैसे फेडता आले नाहीत आणि २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी, तोवर तिचं नाव सेनव्हिऑन झालेलं, एका अमेरिकन फंडाला १ अब्ज युरोला विकून टाकावी लागली. कुणी आळशीपणा केला किंवा लबाडी केली असं यात काही नाही, शेअर घेतले की ज्ञान आपोआप आलं हा समज महाग पडला.

डॉ. रेड्डीजचं थोडक्यात सांगतो, तिथे सरकारी नियम बदलला. २००६ मध्ये त्यांनी जर्मनीतली बीटाफार्म ही मोठी जेनेरिक औषध कंपनी ४८ कोटी युरोला घेतली. तिची खरी ताकद डॉक्टरांशी असलेले संबंध आणि ब्रँडचं नाव. लगेचच जर्मनीत आरोग्य विम्याचे नियम बदलले, विमा संस्था औषधांसाठी टेंडर काढायला लागल्या, जो सगळ्यात स्वस्त देईल त्याचं औषध. डॉक्टर कुणाला ओळखतो याला आता किंमतच राहिली नाही, भाव धडाधड पडले आणि डॉ. रेड्डीजला त्या गुंतवणुकीचा मोठा भाग बुडीत म्हणून दाखवावा लागला.

आणि सेमेक्स, जिचं एवढं कौतुक केलं, तिनेही २००७ मध्ये रिंकर ही ऑस्ट्रेलियन कंपनी १४ अब्ज डॉलरहून जास्त देऊन घेतली. रिंकरचा बराचसा धंदा फ्लोरिडा, ॲरिझोना असा, जिथे घरबांधणीचा फुगा सगळ्यात मोठा होता तिथला. वर्षभरात फुगा फुटला. २००९ मध्ये सेमेक्सला जवळपास १५ अब्ज डॉलरचं कर्ज बँकांशी बोलणी करून पुढे ढकलावं लागलं आणि ऑस्ट्रेलियातला धंदा विकावा लागला. जी स्वस्त पत तिची ताकद होती तीच जास्त वापरल्यावर गळ्यात आली.

यातून एक गोष्ट लक्षात आली असेल, हे सौदे बहुतेक कर्जावर होतात. त्यामुळे अमुक कंपनीने १२ अब्ज डॉलर परदेशात नेले असं वाचलं की तेवढे पैसे देशातून गेले असं समजू नका. कोरसच्या सौद्यातही मोठा भाग परदेशी बँकांच्या कर्जाचा होता आणि ते कर्ज कोरसच्याच कमाईतून फिटायचं असं गणित होतं. याचा फायदा की देशाची परकीय चलनाची गंगाजळी फारशी आटत नाही, तोटा हा की घेतलेली कंपनी पहिल्या दिवसापासून कर्जाखाली दबलेली असते आणि धंदा मंदावला की नवीन मशीनला पैसा उरत नाही. कोरसबरोबर टाटांकडे आलेल्या, वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या कारखान्यात शेवटची ब्लास्ट फर्नेस ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली, आता तिथे १.२५ अब्ज पौंड लावून भंगार वितळवणारी इलेक्ट्रिक भट्टी येणार, त्यातले ५० कोटी पौंड ब्रिटन सरकारचे. त्या गावाच्या कित्येक पिढ्या त्या भट्ट्यांवर जगल्या आहेत. मालक बदलला तो दूरच्या देशातला होता, पण स्टीलचे पडलेले भाव, महाग वीज आणि कार्बनचे नियम हे कुणीही मालक असता तरी तिथे होतेच, म्हणून सगळा दोष परदेशी मालकीवर टाकणं मला पटत नाही. तसंच कामगारांची भीती खोटी होती असंही म्हणता येत नाही.

श्रीमंत देशांची भीती मात्र वेगळ्या प्रकारची असते. २००५ मध्ये चीनच्या सरकारी सीनूक कंपनीने अमेरिकेतल्या युनोकल या तेल कंपनीला १८.५ अब्ज डॉलर देऊ केले, शेव्हरॉनपेक्षा जास्त, पण अमेरिकन संसदेत इतका गदारोळ झाला की सीनूकने माघार घेतली आणि युनोकल शेव्हरॉनकडे गेली. २०१६ मध्ये मिडिया या चिनी कंपनीने जर्मनीची रोबो बनवणारी कूका घेतली तेव्हा जर्मनीत हाच प्रश्न उठला की उद्योगाचं डोकंच असं विकायचं का, आणि पुढच्याच वर्षी तिथले नियम कडक झाले. अमेरिकेत परकीय गुंतवणूक तपासणारी समिती १९७५ पासून होतीच, २०१८ च्या कायद्याने तिचे हात आणखी लांब केले, युरोपियन युनियनची तपासणीची चौकट ऑक्टोबर २०२० पासून पूर्ण लागू झाली, ब्रिटनचा कायदा जानेवारी २०२२ पासून. सरकारी मालकीच्या कंपनीबाबत शंका घेणं समजू शकतं, कारण तिचा पैसा आणि निर्णय धंद्याच्या पलीकडच्या कारणांनीही येऊ शकतात. पण जे देश दशकानुदशकं गरीब देशांना दारं उघडा म्हणून सांगत आले त्यांनी आपली दारं निदान स्पष्ट नियमांनी लावावीत, राजकीय आरडाओरडीने नव्हे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पाठवणारे देशही कायम खुशीत नसतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत होता तेव्हा रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना परवानगीशिवाय परदेशात गुंतवायची मर्यादा त्यांच्या नेटवर्थच्या, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरलेल्या रकमेच्या, ४०० टक्क्यांवरून एकदम १०० टक्क्यांवर आणली, पुढच्या वर्षी जुलैत ती परत वाढवली. चीनचं प्रकरण याहून मोठं. तिथली परकीय गंगाजळी २०१४ च्या मध्यावर ४ लाख कोटी डॉलरच्या आसपास होती, जानेवारी २०१७ मध्ये ती ३ लाख कोटींच्या खाली आली, आणि त्याच काळात चिनी कंपन्या परदेशात हॉटेलं, सिनेमाघरं, फुटबॉल क्लब घेत सुटल्या होत्या. अनबांग या विमा कंपनीने न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेल जवळपास २ अब्ज डॉलरला घेतलं होतं. सरकारने २०१७ मध्ये असल्या खरेदीवर लगाम घातला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत अनबांगच ताब्यात घेतली. रोबोची कंपनी घेणं आणि आलिशान हॉटेल घेणं हे दोन्ही आकड्यात एफडीआयच, पण एकातून काहीतरी शिकून घरी आणता येतं, दुसरं बऱ्याचदा पैसा देशाबाहेर सुरक्षित नेऊन ठेवायचा मार्ग असतो. सरकारने हा फरक करणं मला चुकीचं वाटत नाही.

शेवटी आकड्यांबद्दल, कारण इथे भले भले फसतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड संस्थेच्या २०१५ च्या अहवालाप्रमाणे जगातून बाहेर जाणाऱ्या थेट गुंतवणुकीत विकसनशील देशांचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त झाला होता, २००७ मध्ये तो १३ टक्के होता. वाढ खरी आहे. पण एक तर या देशांचा बराच पैसा दुसऱ्या विकसनशील देशांतच जातो, आणि दुसरं म्हणजे हा पैसा वाटेत मुक्काम करतो. समजा ब्राझीलच्या कंपनीने लक्झेंबर्गमध्ये एक कागदी कंपनी काढली आणि तिच्यातून जर्मनीत कारखाना घेतला, तर ब्राझीलच्या नोंदीत पैसा लक्झेंबर्गला गेला आणि जर्मनीच्या नोंदीत तो लक्झेंबर्गहून आला. काही वेळा तर पैसा बाहेर जाऊन कर वाचवायला किंवा सवलती घ्यायला परदेशी बनून परत घरीच येतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मासिकात २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की जगातल्या एकूण थेट गुंतवणुकीपैकी जवळपास ४० टक्के अशा रिकाम्या कंपन्यांतून फिरणारी आहे, ज्यांच्याकडे ना कारखाना ना कामगार. तेव्हा सुमारे ६ लाख लोकवस्तीच्या लक्झेंबर्गमध्ये कागदोपत्री ४ लाख कोटी डॉलरची परकीय गुंतवणूक होती, जवळपास अमेरिकेएवढी.

त्यामुळे कुठल्याही देशाची यादी बघताना पैसा शेवटच्या कुठल्या देशातून आला एवढंच लिहिलंय का खरा मालक कुठला तेही लिहिलंय हे आधी बघावं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची शिफारसही हीच आहे की देशांनी आत येणाऱ्या गुंतवणुकीची दुसरी नोंद अंतिम मालकाच्या देशाप्रमाणे ठेवावी. जे देश अशी नोंद छापतात त्यांच्या तक्त्यात वाटेवरचे देश खाली सरकतात आणि मागे लपलेल्या देशांची नावं वर येतात.